चावायच्या आधी

रामदासपेठेत दिवसा डॉक्टर दिसतात आणि रात्री कुत्री. दिवसभर सेंट्रल बाजार रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, लोकमत चौकापासून पंचशील चौकापर्यंत हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. रात्री अकरा वाजले की औषधांची दुकानं तेवढी उजेडात राहतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, सीमेपलीकडचं बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून पेशंटला घेऊन आलेली माणसं दवाखान्यांच्या पायऱ्यांवर आणि पार्किंगच्या कडेला सतरंज्या टाकून पडतात. त्यांच्या डब्यातल्या उरल्यासुरल्या पोळीवर, ब्रेडच्या काठांवर, बिस्किटांवर इथल्या गल्ल्यांमधली कुत्री पोसली जातात. झोपलेल्यांच्या उशापायथ्यातून ती चपलेलाही धक्का न लावता चालतात. काळजीनं जागा असलेला माणूस कोणता हे त्यांना कसं कळतं कोण जाणे, पण बसतात बहुधा त्याच्याच पायाशी.

हे सगळं मला दिसतं ते एका माणसामुळं. १९९८ साली पुलगावहून मी नागपुरात आले आणि इथल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा मला गल्लीत फक्त कुत्री दिसायची. म्हणजे भीती दिसायची. वॉर्ड एका इमारतीत आणि लॅब गल्लीपलीकडच्या दुसऱ्या. रात्रपाळीत तातडीचा नमुना आला की ट्यूब डब्यात ठेवून गल्ली ओलांडायची. अंतर काही नाही, पण रात्री दोन वाजता ते संपता संपत नसे.

आठ वर्षांची असताना एका कुत्रीनं माझी पोटरी फोडली होती आणि त्यानंतर सरकारी दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं झाली होती. माझ्या पिढीतल्या ज्यांनी ती घेतली, त्यांना पुढचं सांगायला नको. पुढं लॅबच्या अभ्यासात कळलं की ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला १९११ साली तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे. आपल्याकडं ती २००४-०५ च्या सुमारास बंद झाली, आता दंडात घ्यायची आधुनिक लस आहे आणि तिचा फारसा त्रास नाही. पण त्या चौदा सकाळी माझ्या अंगात राहिल्या होत्या. कुत्रं दिसलं की हात आपोआप पोटावर जायचा.

गल्लीच्या तोंडाशी आमचे चौकीदार काका बसत. साकोलीकडचे. लहानपणी गावची गुरं राखलेली, नंतर धानाच्या मजुरीला, नंतर नागपूर. खाकी स्वेटर, प्लास्टिकची खुर्ची, पायाशी थर्मास. त्यांच्याजवळ काठी होती, पण ती खुर्चीमागं भिंतीला टेकवलेली असायची. एका रात्री मी दारातच थबकलेली पाहून ते उठले, माझ्याबरोबर गल्ली ओलांडून आले, परत सोडायला आले आणि मग म्हणाले, "चावलं होतं का कधी?"

हो म्हटलं. आता पुढचा प्रश्न मला पाठ होता. आजवर सगळ्यांनी एकच विचारलं होतं, इंजेक्शनं किती घेतली. काकांनी विचारलं, "चावायच्या आधी काय केलं तिनं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं, मीही स्वतःला नाही. आणि गंमत म्हणजे मला सगळं आठवत होतं. पोत्यावर पिलं होती. ती आधी आडवी होती, मी जवळ गेल्यावर तिनं मान पलीकडं वळवली. नाकावरून जीभ फिरवली. मग उठली आणि तोंड मिटून एकदम थांबली, म्हणजे हलायचीच थांबली. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला होता, तो तर मला स्वप्नातही दिसायचा. घशातून काहीतरी आवाजही आला होता.

काकांनी बोटं मोजली. "पाच डाव सांगितलं तिनं तुमाले, बाई. पाच डाव. आनखी काय बोलाचं होतं तिनं?"

त्या रात्रीपासून माझी शिकवणी सुरू झाली. दोन नमुन्यांच्या मधे जो रिकामा वेळ मिळे, त्यात काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि गल्ली पाहायची. गल्लीत तेव्हा मुख्य म्हणजे काऱ्या. काळा, एक कान पडलेला, छातीवर पांढरा डाग. एक भुरी कुत्री होती, तिला काका शेवंती म्हणायचे. बाकीची येत-जात असत.

पहिला धडा शेपटीचा, आणि तो शेपटीवर विश्वास ठेवू नका असा. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खुशीत, हे आपण सगळे धरून चाललेलो असतो. काका म्हणायचे, हलते म्हणजे फक्त ते काहीतरी बोलून राह्यलं, काय ते बाकीच्या अंगाले विचारा. कंबरेपासून मागचा सगळा भाग सैल होऊन डोलत असेल, तोंड उघडं, कान मऊ, तर ठीक. पण शेपूट वर, ताठ, टोकाशी भरभर थरथरणारी आणि खालचं अंग लाकडी, वजन पुढच्या पायांवर, तर आपण थांबायचं. मानेवरचे केस उभे राहिले म्हणजे रागच, असंही नाही. घाबरलं तरी राहतात, नुसतं चाळवलं गेलं तरी राहतात. एकेक अवयव सुटा पाहिला की फसगत ठरलेली.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर जिभेवरही भरवसा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की यच्चयावत कुत्री जीभ काढून धापा टाकतात, कारण त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, तोंडावाटेच अंग गार करायचं. कूलरच्या गळतीखाली, नालीच्या ओल्या कडेला ती पोट टेकून पडलेली असतात. त्यातून भेदरलेलं कुत्रं ओळखायचं कसं? काकांनी काऱ्याकडं बोट दाखवलं. तोंडाचे कोपरे ढिले, डोळे अर्धे मिटलेले. मग अँब्युलन्समागं दडलेल्या एका अनोळखी कुत्र्याकडं. त्याच्या ओठांचे कोपरे मागं ताणलेले, गालावर आडव्या घड्या, डोळे वटारलेले, आणि जीभ पुढं चमच्यागत रुंद झालेली. "हा उन्हानं नाई धापून राह्यला," काका म्हणाले. तोवर मला दोन्ही कुत्री सारखीच दिसत होती.

एका रात्री काचीपुऱ्याच्या बाजूनं एक दांडगा तांबडा कुत्रा गल्लीत आला. काऱ्या उठला. मला वाटलं आता जुंपणार, मी ट्यूबचा डबा छातीशी धरला. काका खुर्चीतून हलले नाहीत. तांबडा सरळ आला नाही, भिंतीच्या कडेनं वळसा घेत आला. मधेच थांबून जिथं काहीच नव्हतं अशी फरशी हुंगत बसला. काऱ्यानं तोंड दुसरीकडं केलं, जांभई दिली. झोप कुठली, तो टक्क जागा होता. मग दोघं अर्धगोल फिरून एकमेकांच्या मागं गेले, हुंगलं, आणि काऱ्यानं आंघोळ झाल्यासारखं सगळं अंग नाकापासून शेपटीपर्यंत झटकलं. पावसाचा थेंब नव्हता. "मिटलं," काका म्हणाले. तांबडा कचराकुंडीकडं निघून गेला.

नॉर्वेच्या तुरीद रुगास या बाईंनी नेमक्या याच खुणांवर पुस्तक लिहिलंय, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. मान वळवणं, जांभई, नाक चाटणं, जमीन हुंगणं, वळसा घेऊन येणं या सगळ्याला त्या शांतवण्याच्या खुणा म्हणतात. या प्रत्येक खुणेचा तोच अर्थ प्रत्येक वेळी असतो का, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो असायलाच हवा. जांभई कधी कधी नुसती जांभईच असते. पण गल्लीतली मारामारी बहुतेक वेळा होतच नाही, ती का होत नाही हे मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरी एक रात्र. गडचिरोलीकडचं एक कुटुंब पायऱ्यांवर होतं, आजोबा आत. चार-पाच वर्षांचं पोर ग्लुकोजची बिस्किटं घेऊन शेवंतीपाशी गेलं आणि त्यानं तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. बघणाऱ्यांना कौतुक. कुणीतरी हसलंसुद्धा. शेवंती बसल्या जागी थिजली. तोंड मिटलं, जीभ नाकावर, मान लांब, आणि डोळ्याचा तो पांढरा काठ. माझ्या पोटात गोळा आला, कारण आता मला दिसत होतं. काका उठले. ओरडले नाहीत, शेवंतीला हटहूट केलं नाही, धावलेही नाहीत. पाण्याचा लोटा पुढं करून पोराला म्हणाले, "ये रे राजा, पानी पी." पोर हात सोडून आलं. शेवंती उठली, अंग झटकलं आणि दूर जाऊन बसली. मग काका त्याच्या आईला हळूच म्हणाले, "कुत्र्याले हाकलू नोका. पोराले जवळ ठेवा."

लहान मुलं दात विचकलेल्या कुत्र्याकडं पाहून ते हसतंय असं समजतात, हे अभ्यासातून पुढं आलेलं आहे. आणि मिठी ही आपली, माणसांची रीत. कुत्र्याच्या लेखी गळ्यावर हात टाकणं म्हणजे अडकवणं. सवयीचं घरचं माणूस असेल तर ते चालवून घेतं, एवढंच.

गुरगुरण्याबद्दल काका फार ठाम होते. गुरगुरतं तोवर बरं, म्हणायचे. शेजारच्या एका बंगल्यात जातिवंत कुत्रा होता आणि तो गुरगुरला की मालक त्याला पट्ट्यानं हाणायचे. काही महिन्यांत गुरगुरणं बंद झालं, आणि एक दिवस त्यानं दूधवाल्याला न बोलता धरलं. त्याचे कान कापून उभे केलेले होते, शेपटीचं नुसतं बोटभर खोड. काकांच्या मते त्याची जीभच कापून टाकली होती; सांगणार कशानं? २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर रामदासपेठेतल्या फ्लॅटांमध्ये पग दिसू लागले, तेव्हाही काका वैतागायचे. चेहऱ्यावर आधीच घड्या, त्यातून कपाळाची आठी कशी ओळखायची? त्यात नागपूरच्या उन्हात त्या बिचाऱ्यांना धड श्वासही घेता येत नाही.

काका काही सर्वज्ञ नव्हते. वीसनखी कुत्रं वाघालाही भीत नाही यावर त्यांचा गाढ विश्वास होता, आणि पायाला जास्तीची अंगठ्याची नखं असलेलं पिल्लू दिसलं की ते हरखून जात. पण रात्री कुत्री रडली की पायऱ्यांवरची माणसं घाबरून देवाचं नाव घ्यायची, तेव्हा काका त्यांना सांगायचे, "इथं तं रोजच कोनी ना कोनी जाते बापा. कुत्री रोज कुठं रडतेत?" एवढा साधा हिशेब मी कुणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. लांबच्या सायरनला, दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांना ती ओ देतात, बाकी काही नाही.

विद्यापीठाचं ग्रंथालय रामदासपेठेतच आहे. तिथल्या एका मैत्रिणीनं मला डार्विनचं १८७२ सालचं पुस्तक मिळवून दिलं, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर-अंगावर कशा उमटतात त्यावरचं. त्यात दोन चित्रं आहेत: चालून जाणारं ताठ कुत्रं, आणि तेच कुत्रं मालकाला ओळखून वाकलेलं, वळवळणारं. डार्विन म्हणतो, दुसऱ्या चित्रातली एकेक गोष्ट पहिल्याच्या बरोब्बर उलटी आहे, आणि म्हणूनच ती समोरच्याला लगेच कळते. त्याच्या घरचा एक कुत्रा फिरायला निघाल्यावर ऐटीत चालायचा. पण डार्विन वाटेत रोपं पाहायला काचघराकडं वळला की त्याची मान, कान, शेपूट सगळं एकदम खाली यायचं. घरच्यांनी त्या चेहऱ्याला काचघराचा चेहरा असं नावच दिलं होतं. मी ही गोष्ट काकांना सांगितली. ते मनापासून हसले. आमच्या कँटीनचं शटर खाली आलं की काऱ्याचा होतो तो हाच चेहरा. "इंग्रजाले बी कुत्र्याजवळ बसाले टाइम होता म्हना," असं म्हणून त्यांनी डार्विनला पास केलं.

इटलीतल्या संशोधकांचा २००७ सालचा प्रयोग मात्र त्यांना पटला नाही. मालक दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडं जास्त झुकते आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडं, असं त्यांनी तीस कुत्र्यांवर मोजून दाखवलं होतं. आम्ही दोघांनी रात्र-रात्र काऱ्याच्या शेपटीकडं पाहिलं. काही दिसेना. ते व्हिडिओवरच मोजायचं काम आहे, गल्लीत बसून करायचं नाही.

हे ऋण फेडायचा माझा एकच प्रयत्न, आणि तो काकांनी हाणून पाडला. काकूंची शुगर वाढली होती. मी रक्त घेतलं, तपासलं, रिपोर्ट हातात दिला आणि पैशांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काका काउंटरवर रांगेत उभे. पावती घेऊन मला दाखवली. "फुकटचा रिपोर्ट खरा निंघत नाई, बाई." माझ्याकडून त्यांनी घेतला तो फक्त चहा, तोही त्यांच्याच थर्मासमधला.

पुढं दवाखान्यानं चौकीदारीचं काम एजन्सीला दिलं. निळ्या गणवेशातली पोरं आली, त्यांच्या हातात काठ्या आल्या. काका साकोलीकडं परतले. माझी रात्रपाळी सुटली तरी ती गल्ली आहेच. आता इथल्या बऱ्याच कुत्र्यांच्या कानाला खाच दिसते, म्हणजे नसबंदी झालेली. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशाच रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कुणीही न शिकवलेल्या या कुत्र्यांना माणसानं बोटानं दाखवलेली दिशा कळते का, हे त्यांनी पाहिलं. २०२० साली छापलेल्या त्या निबंधानुसार जवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बोटामागं गेली. पण जवळपास निम्मी जवळच आली नव्हती, भेदरलेली होती. मला त्या निबंधातली ही निम्मी कुत्री जास्त महत्त्वाची वाटतात. ती काय म्हणत होती ते स्पष्टच आहे.

त्याच सुमाराला नागपुरात कुत्र्यांवरून भांडणं पेटली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचंय त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत, नाहीतर दंड, असा आदेश दिला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. आमच्या भागात दोन तट पडले. एकाला प्रत्येक कुत्रं बिचारं दिसायचं, दुसऱ्याला प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं. समोरच्या कुत्र्याकडं पाहायला दोघांनाही वेळ नव्हता.

पिसाळण्याच्या बाबतीत मात्र मी लॅबवालीच आहे आणि काकाही कडकच होते. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाय लडखडतायत, वाटेत येईल त्याला, काठीला, दगडालाही चावतंय, तर तिथं वाचायचं काही नसतं, लांब जायचं. आणि रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं असं दिसतंच असंही नाही. म्हणून चांगल्या ओळखीच्या कुत्र्याचा दात लागला तरी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. काकांनी गावाकडं एक मृत्यू पाहिला होता. त्याबद्दल ते एकदाच बोलले.

काकांचा फोन येतो अधूनमधून. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री हलवावीत, नसबंदी-लसीकरणानंतर परत त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला, ती बातमी त्यांनी साकोलीत टीव्हीवर पाहिली आणि रात्रीच फोन लावला. गल्लीचं काय झालं, विचारत होते. मी सांगितलं, नवीन गेट बसतंय, कुत्री अजून बाहेर रस्त्यावर आहेत. खाच असलेली एक तपकिरी कुत्री गेटवरच्या नव्या पोरावर सारखी भुंकते, तो म्हणतो ही चावणार, हिला आधी उचलायला सांगा.

"भुकताना पुढं येते का मांगं सरकते?"

मी म्हटलं, तेवढं नाही पाहिलं काका.

"अन् तो काठी कोन्या हातात धरते?"

तेही नाही पाहिलं.

"मंग पाहून या. उद्या याच टायमाले लावतो फोन."